चिन्नोरचा पिपा

भावाला जाऊन चार दिवस झाले होते, तेव्हा त्याच्या नागपूरच्या घरमालकाचा फोन आला. खोलीला कुलूप आहे, पण आत काहीतरी जिवंत आहे, असं तो म्हणाला. मी विचारलं, मांजर आहे का? तो म्हणाला, "नहीं भाऊ, छिपकली है. पाली हुई है."

माझा धाकटा भाऊ नागपुरात एकटा राहायचा. लग्न केलं नव्हतं. एका कंपनीच्या गोदामात हिशेबाला होता. भाद्रपदात एका सकाळी तो उठलाच नाही. वय एकेचाळीस. आम्ही त्याला गावी, लाखांदूरला आणलं, चुलबंद नदीच्या काठावर अग्नी दिला आणि सुतक धरून घरात बसलो. सुतकात मी कुठं जायला नको होतं, पण भुकेलं जनावर बंद खोलीत आहे म्हटल्यावर मायनंच जा म्हटलं. पाल आहे हे तेव्हा तिला सांगितलं नाही. जनावर एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं.

खोलीत एक पलंग, एक टेबल, कुकर, दोन जोड चपला. तांदळाच्या डब्यात दुकानचा तांदूळ होता. टेबलावर काचेची पेटी आणि पेटीत वीतभर लांबीची पिवळी पाल, अंगावर काळे ठिपके, शेपटी बोटाएवढी जाड. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती डोळे मिटत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून ते मिटलेले डोळे पाहून मी जरा थांबलो.

घरमालक म्हणाला, दोन वर्षांपासून आहे, तुम्हाला सांगितलं नाही का? नव्हतं सांगितलं. भाऊ दर रविवारी मायला फोन करायचा. कोणती भाजी केली, ती खारट झाली की अळणी, एवढं सगळं सांगायचा. पालीबद्दल एक शब्द कधी निघाला नाही. कारण मी समजू शकतो. आमच्या घरी अंगावर पाल पडली तर नेसत्या कपड्यांनिशी आंघोळ करतात, आणि कोणत्या अंगावर पडली त्याचं फळ माय पंचांगात पाहायला लावते. अशा घरात कोण सांगेल की मी पाल पाळली आहे.

पेटीवर त्याचाच टॉवेल टाकून मी एसटीत बसलो. उमरेडच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, मांडीवर काय आहे. मी म्हणालो, पाल. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. तो रागानं पुढं गेला आणि त्यानं सामानाचे पैसेही घेतले नाहीत.

घरी पोचल्यावर मात्र मायला सांगावंच लागलं. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, कानानं नीट ऐकू येतं. तरी तिनं मला दोनदा विचारलं.

"पाल? त्यानं पाळली?"

"हो माय. दोन वर्षं."

तिनं टॉवेलकडे पाहिलं. मग म्हणाली, "आंगनात नको ठेवू. आत आन."

नागपुरातल्या ज्या दुकानातून भावानं ती घेतली होती, त्याचा नंबर घरमालकानं दिला होता. मी फोन लावला. दुकानदार पुण्याकडचा असावा. त्यानं सगळं नीट सांगितलं. ही पाल जिवंत किडेच खाते, हलणारे. मेलेला किडा तिला दिसतच नाही असं समजा. पेटीची एक बाजू बत्तीस अंशांपर्यंत गरम हवी, दुसरी गार. जागा बदलली की आठवडा, दोन आठवडे खात नाही. तोवर शेपटीतल्या चरबीवर जगते. वजन करत राहा, शेपटी पातळ होऊ देऊ नका. मी म्हणालो, "आता काही खाऊन नाही राहिली." तो म्हणाला, "म्हणजे खाऊन झाल्यावर बाहेर ठेवता का?" आमच्याकडे 'खाऊन राहिली' म्हणजे आत्ता खात आहे, हे त्याला समजावून सांगावं लागलं. त्या दिवसांत घरात कोणी हसलं असेल तर तेव्हा माझी बायको हसली, तीसुद्धा पदर तोंडाला लावून.

माझं लाखांदूरला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत आणि कीटकनाशकं. दुकानात बियाणं तोलायचा लहान काटा आहे, तो घरी आणला. रिकाम्या डब्याचं वजन वजा करून पाल पन्नास ग्रॅम भरली. भावानं दुकानदाराला कळवलेलं शेवटचं वजन एकसष्ट होतं. अकरा ग्रॅम कुठं गेले ते शेपटीकडे पाहून कळत होतं.

पण सुतक होतं. मायचं म्हणणं सरळ होतं, माणूस गेलेल्या घरात तेरवीपर्यंत जीव मारायचा नाही. मी म्हणालो, आपण मारत नाही, ती खाईल. माय म्हणाली, "देनारा कोन? तूच ना?" दिव्याखाली आपणहून मरून पडलेले किडे तेवढे मी पेटीत ठेवून पाहिले, पालीनं त्यांना तोंड लावलं नाही. पेटीत पाणी ठेवलं, गरमीची चटई लावली, वीज गेली की बायको गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. माझ्या मनात आलं, दोन आठवडे तशीही खात नाही म्हणतात, तर थांबू.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. गेलेल्याचं मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्याकडे मानतात. मग घरचे एकेक जण हात जोडून कबूल करतात, तुझं अमुक करू, तमुक सांभाळू. वडिलांच्या वेळी कावळा तासभर झाडावरून हलला नव्हता. शेवटी मी मोठ्यानं म्हणालो की धाकट्याचं शिक्षण मी पूर्ण करीन, तेव्हा उतरला. धाकट्याच्या वेळी आम्ही मागं सरकायच्या आत कावळा आला आणि त्यानं चोच मारली. सगळे म्हणाले, सुटला बिचारा, काही मागं राहिलं नाही. मलाही बरं वाटलं. नदीवर बाया जात नाहीत, म्हणून घरी येऊन मी मायला सांगितलं.

"लगेच?" तिनं विचारलं.

"लगेच. वाट पाहायलाच लावली नाही."

मला वाटलं होतं तिला समाधान होईल. दिवे लागल्यावर मी पेटीजवळ काटा घेऊन बसलो होतो, तेव्हा ती आली आणि जरा अंतरावर टेकली.

"म्हंजे त्याले माझ्याजवळ मागायचं काहीच नोहोतं," ती म्हणाली. "एवढं बाळंतपन केलं, वाढवला, अन मागायले एक गोष्ट नाही."

मी म्हणालो, माय, उलट आहे, सुखानं गेला. तिनं ते ऐकून घेतलं नाही. ती पालीकडे पाहत होती. पाल गरम बाजूला दगडावर पडून होती आणि तिच्या पोटाची कातडी सैल पडली होती.

"इचं मात्र काही तरी राहिलं आहे," माय म्हणाली. "म्हनून शिवत नाही खायाले."

मग तिनं हात जोडले. मी तिला पालीपुढं हात जोडताना पाहीन असं कधी वाटलं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि जे नदीवर म्हणतात तेच हळू आवाजात म्हणाली. आम्ही तुला सांभाळू, घरातच ठेवू, कोणी हाकलणार नाही. पालीनं डोळे मिटले आणि उघडले. वजन सेहेचाळीस होतं. मायला मी आकडा सांगितला नाही, तिनं विचारलाही नाही. पण त्या दिवसापासून माझ्यासाठी ही पालीची गोष्ट राहिली नाही. पाल मेली असती तर लेकानं आपलं कबूल करणंही घेतलं नाही, असाच अर्थ मायनं लावला असता, हे मला माहीत होतं.

तेरवी झाली आणि मी किडे शोधायला लागलो. हे काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. त्या दिवसांत धान गर्भात असतो, लोंबी यायच्या बेतात, आणि किड्यांना तोटा नसतो. दुकानाच्या दिव्याखाली इतके किडे पडतात की सकाळी झाडून टोपलं भरतं. घरच्या भिंतीवरची पाल ट्यूबलाइटपाशी बसून पोट फुटेस्तोवर खात होती. माय तिच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ते खाते, मंग हे काहून नाही खाऊन राहिली?"

पहिल्या संध्याकाळी धानाच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक नाकतोडा धरून आणला. पेटीत सोडणार, तेवढ्यात आठवलं की ज्याच्या धुऱ्यावरून आणला, त्यानं तीन दिवसांपूर्वी माझ्याकडूनच तुडतुड्यांवरचं औषध नेलं होतं. पंपाला किती घालायचं तेही मीच सांगितलं होतं. नाकतोडा अंगणात सोडून दिला. तो उडाला नाही, चालत गेला.

मग मी गल्ल्यावर बसल्या बसल्या विचार करू लागलो. कोणाच्या शेतात फवारणी झालेली नाही? माझी स्मरणशक्ती या बाबतीत चांगली आहे. कोणी काय नेलं आणि किती नेलं हे मला सांगता येतं. गावाच्या एका बाजूनं सुरुवात केली आणि दुसऱ्या बाजूला पोचलो. एकही शेत उरलं नाही. ज्यांनी माझ्याकडून नेलं नव्हतं, त्यांनी समोरच्या दुकानातून नेलं होतं. आमच्या घरच्या धानाच्या बांध्यांतही मीच फवारा मारून घेतला होता. घरात झुरळं नव्हती, कारण मुंग्या-झुरळांसाठी ओट्याच्या फटीत मीच औषध लावलं होतं.

दुकानात आलेल्या दिघोरीच्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, तुमच्याकडे फवारा न मारलेला एखादा तुकडा आहे का, मला जिवंत किडे हवेत. तो बाकावर बसलेल्या दुसऱ्याकडे पाहून म्हणाला, "आयकलं का बे? शेठ आता जिते किडे मांगून राहिले. आमाले मारायचं देते अन सोताले जिते पायजे."

दुसरा म्हणाला, "औषध खरं निंगते का नकली, हे पाह्यत असन."

मी खरं कारण सांगितलं. पहिल्यानं जाताना सांगितलं की त्याच्याकडेही काही नाही, पण कुठं असलं तर कळवीन. त्यानं कळवलं नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

शेवटी नागपूरच्या दुकानदाराला पैसे पाठवले. त्यानं भोकं पाडलेल्या डब्यात पन्नास रातकिडे भरून एसटीनं पाठवले. मी स्टँडवरून डबा घेतला तेव्हा आत वळवळ ऐकू येत होती. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती, म्हणून डबा गल्ल्याच्या मागच्या फळीवर ठेवला आणि मोजून देण्याघेण्याच्या कामाला लागलो. तासाभरानं पाहिलं तर आतून आवाज येत नव्हता. झाकण काढलं. सगळे उताणे, पाय वर. दोन-चारांचे पाय अजून थरथरत होते.

त्या फळीवर आदल्या दिवशी एक बाटली झिरपली होती. मी पुसून घेतली होती. मला वास येत नाही, इतक्या वर्षांत तो मला येईनासा झाला आहे. पण ते दृश्य माझ्या ओळखीचं होतं. याच दृश्याची मी गिऱ्हाइकांना खात्री देतो.

त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी आल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. जेवताना बायकोला झालेलं सांगितलं आणि म्हणालो की या तालुक्यात औषध न लागलेला किडा मिळणार नाही. त्या वेळी पाल त्रेचाळीसवर आली होती. शेपटी आता पेन्सिलीएवढी होती.

बायकोनं माझ्या ताटात भाजी वाढली आणि खाली बघत म्हणाली, "घरात आहेत ना. चिन्नोरच्या पिप्यात."

मी तिच्याकडे पाहिलं. माय पलीकडे बसून जेवत होती.

चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. घरच्या एका बांधीत माय तो दरवर्षी लावायला लावते, आणि त्यातला एक पत्र्याचा पिपा, पंधरा किलो, धाकट्याचा. होळीला येऊन तो घेऊन जायचा. या वर्षी गर्दीत न्यायला जड होतो म्हणाला, दिवाळीला नेईन. पिपा तसाच राहिला. पावसाळ्यात तांदळाला जाळी लागली, आत अळ्या झाल्या. बायको म्हणाली, ऊन दाखवू. माय म्हणाली, तो येईल तेव्हा तो पाहील. मी म्हणालो, धान्यात ठेवायची एक गोळी टाकतो, घरातल्या बाकी सगळ्या धान्यात टाकलीच आहे. त्यावर माय जे म्हणाली ते मला शब्दशः आठवतं. "त्याच्या भातात तुझं औषध नको. गावाले देते तेवढं पुरे."

म्हणून घरात तेवढाच एक पिपा होता ज्याला औषधाचा हात लागला नव्हता. भाऊ गेल्यापासून त्याला कोणाचाच हात लागला नव्हता. माय रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, झाकण उघडत नव्हती.

मी बायकोला खुणेनं गप्प राहा म्हटलं. मायनं ऐकलं होतं. तिनं ताटातला घास संपवला, ताट उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती त्याबद्दल बोलली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आम्हीही विषय काढला नाही. पाल एकेचाळीस झाली. दुकानदार फोनवर म्हणाला, चाळिसाच्या खाली गेली तर सांगता येत नाही. मी सकाळी तिला डब्यात उचलून ठेवताना तिनं अंग आखडलंसुद्धा नाही.

त्या दुपारी मी जेवायला घरी आलो तर ओसरीवर कपडा अंथरलेला होता. त्यावर माय बसली होती, समोर सूप, आणि बाजूला पिपा. झाकण उघडं होतं. जाळी लागलेल्या तांदळाला एक कुबट वास येतो, तो येत होता, आणि त्याच्या खालून चिन्नोरचा वासही येत होता. बायको दारात उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "मी काही नाही बोलली. स्वतःच ओढत आणला."

मायच्या सुपात तांदळाचे गोळे होते, धाग्यांनी एकमेकांना चिकटलेले. ती एकेक गोळा बोटांनी फोडत होती. आत पांढरट अळी, नखाएवढी लांब. अळी निघाली की ती वाटीत टाकायची. डोळ्यांनी तिला कमी दिसतं, पण बोटांना कळत होतं. मी बसून मदत करू लागलो तेव्हा तिनं माझा हात बाजूला केला.

"तू नको. तुझ्या हाताले वास आहे."

मी हात मागं घेतला. तिचं म्हणणं बरोबर होतं.

वाटीत आठ-दहा अळ्या झाल्यावर ती उठली आणि पेटीशी गेली. मी सांगितलं की चिमट्यानं सोडता येईल, भावाच्या सामानात लांब चिमटा आहे. तिनं ऐकलं नाही. दोन बोटांत एक अळी धरली आणि हात पेटीत घातला. बांगड्या काचेला लागल्या. पाल दगडाखाली होती. माय तिथंच हात धरून राहिली. तिचा हात कापतो, वयामुळं कापतो, आणि त्यामुळं अळी हलत होती.

पालीनं डोकं बाहेर काढलं. एक पाय, मग दुसरा. शेपटीचं टोक हललं, मांजराच्या शेपटीसारखं, अगदी हळू. ती मायच्या बोटांकडे पाहत राहिली. मग ती पुढं झाली आणि मायच्या बोटांतून तिनं अळी घेतली. दोनदा चावली, गिळली, जिभेनं तोंड पुसलं.

मायनं हात काढला नाही.

"माझ्याजवळचंच पायजे होतं," ती म्हणाली. आमच्यापैकी कोणाला उद्देशून नाही.

पालीनं चार अळ्या खाल्ल्या. पाचवी घेतली नाही.

ती का खात नव्हती आणि त्या दुपारी का खाल्लं, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही. नवी जागा अंगवळणी पडली असेल. अळी जिवंत होती, मऊ होती, वास चांगला असेल. माझ्या हाताचा आणि दुकानाचा वास नव्हता हेही असेल. मायला यातलं काही मी सांगितलं नाही. तिचं कारण तिच्याजवळ होतं, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

उरलेला तांदूळ तिनं त्याच दुपारी पाखडायला घेतला. या वेळी बायकोला बाजूला बसवलं. जाळी धरलेला वेगळा काढून छोट्या डब्यात भरला, झाकणाला फडकं बांधलं आणि मला बजावलं की यात गोळी जायची नाही. औषधांच्या दुकानदाराच्या घरात आता किडे पाळले जातात. दिघोरीच्या त्या शेतकऱ्याला कळलं तेव्हा त्यानं दुकानात सगळ्यांना सांगितलं, आणि मी ते चालवून घेतलं. चांगला तांदूळ मायनं ऊन दाखवून पुन्हा पिप्यात भरला नाही. संध्याकाळी त्यातला चार वाट्या तांदूळ धुतला आणि चुलीवर ठेवला. धाकटा गेल्यापासून आमच्या घरी पहिल्यांदाच चिन्नोरचा भात शिजत होता, आणि वास पार रस्त्यापर्यंत गेला असेल. मायनं पहिला घास बाजूला काढून ठेवला. दोन घास खाल्ल्यावर ती थोडी रडली, आणि मग तिनं ताटातलं संपवलं.

सकाळी पालीचं वजन केलं. बेचाळीस. एक ग्रॅम जास्त. त्या काट्यात एक ग्रॅम इकडचा तिकडं होतो, हे मला दुकानात रोज दिसतं, आणि एवढ्या फरकावर मी गिऱ्हाइकाला कधी काही सांगत नाही. माय देवापाशी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं, "माय, वाढली."